ओठ मागं राहतात

१

कुरुळी फाट्यावर सकाळी कंपनीच्या बसची वाट बघत पोरं उभी असतात. एका कानात इअरफोनचं बोंड खुपसलेलं, डोळे अर्धे मिटलेले, खांद्याला डबा. मी हळूच त्यांच्या मागं जाऊन उभा राहतो आणि तोंडानं बसचा हॉर्न वाजवतो. आधी लांबून, मग जवळून, मग ब्रेकची ती दात आंबवणारी चिरक. पोरं डबे सावरत रस्त्याकडं पळतात, रिकामा रस्ता बघून थबकतात आणि मागं वळून मला शिव्या घालतात. शिव्या ऐकल्या की माझा चहा पचतो. रिटायर माणसाला काहीतरी नेम पाहिजे.

माझं नाव हिंदुराव. शाळा सहावीपर्यंत. सहावीत मास्तरांच्या मागं उभा राहून मास्तरांचीच नक्कल करत होतो, वर्ग हसत होता, आणि मास्तर वळले. शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, यावर आमच्यात अजून एकमत नाही. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ तपासणाऱ्या विद्वानांनी हा कागद इथंच खाली ठेवावा आणि घरी जाऊन भाजीतलं मीठ तपासावं.

बाप बहुरूपी होता, परभणीकडचा. आज पोलीस, उद्या पोस्टमन, परवा नवस फेडणारी बाई. मला तोंड रंगवायची गरज पडली नाही, मी नुसत्या आवाजावर भागवलं. कंपनीत पेंट शॉपला होतो. खंडेनवमीला मशिनींना हार घातले, नारळ फुटले, पेढे वाटून झाले की सगळे मला पुढं ढकलायचे. मग मी मॅनेजरपासून कँटीनवाल्यापर्यंत एकेकाला सोलून काढायचो. ज्याची नक्कल राहून जायची तो माझ्यावर रुसायचा.

फक्त सुमनची करायची नाही. सुमन म्हणजे माझी बायको. लग्न नवं होतं तेव्हा तिच्या बहिणीपुढं मी तिचा आवाज काढला होता. बहीण हसून लोळली. सुमननं मला आत बोलावलं आणि आवाज न चढवता सांगितलं, "जगाची करा. माझी करायची न्हाई. माझ्याकडं दुसरं काय हाय?"

खरंच नव्हतं. ती शाळेत गेलीच नव्हती, तिचं सगळं तोंडात होतं. पण काय तोंड! त्या दिवशी रावेतला निघालो तेव्हासुद्धा दारातच अडवलं.

"कुठं निघाली स्वारी? इस्त्रीचा शर्ट घालून?"

"स्टुडिओत. मी आता नट होणार."

"नट व्हा की. पण बोल्ट कधीचा ढिला हाय, तेवढा आवळून जावा."

अशी बायको घरात असल्यावर माणसानं बाहेर कशाला जावं? पण गेलो.

२

स्टुडिओचं प्रकरण निघालं अजीजच्या गॅरेजातून. अजीज माझा जुना दोस्त. फाट्यापाशी त्याचं टेम्पो दुरुस्तीचं गॅरेज आहे. आवाज असा, की सायलेन्सर फुटलेला ट्रक बरा. आमची पोरं लहान होती तेव्हा आख्ख्या ओळीत टीव्ही फक्त त्याच्या गॅरेजात होता. त्यावर 'वज्रतुकडी' लागायची. लोखंडी चिलखतं घातलेले पाच वीर, त्यांचा पुढारी वज्रराज, आणि दरवेळी मार खाणारा दुष्ट काळभुंगा. अडचण एवढीच, की टीव्हीचा आवाज गेलेला. कसलाही मेलेला टेम्पो उठवणाऱ्या अजीजला तो टीव्ही काही बोलता करता आला नाही.

मग मी टीव्हीशेजारी स्टुलावर बसायचो आणि सगळ्यांचे आवाज मीच द्यायचो. वज्रराजाला आमच्या मॅनेजरचा रुबाब, काळभुंग्याला अजीजचा घसा. ऐन मारामारीत काळभुंगा विचारायचा, "तेरा नंबरचा पाना कुठंय रे, गाढवा?" पोरं हसून लोळायची. पुढं त्यांनी दुसरीकडं आवाजासकट बघितलं, तेव्हा येऊन माझ्याकडं तक्रार केली, की तिथला वज्रराज खोटा बोलतो.

त्या पोरांत पहिल्या रांगेत अजीजचा दानिश. तो आता रावेतला आवाजाच्या स्टुडिओत काम करतो, जाडजूड पगार घेतो. मला 'हिंदूचाचा' म्हणतो. बोबडं बोलायच्या वयात त्यानं हे नाव पाडलं. ऐकणारा दरवेळी दचकतो, म्हणून मी ते बदलू दिलं नाही.

"चाचा, वज्रतुकडी परत येतेय," तो गॅरेजात येऊन म्हणाला. "नवीन. कार्टूनमध्ये. मराठी आवाज आमच्याकडं होणार. काळभुंगा तुमच्याशिवाय कुणाचा?"

"आताच्या पोरांना आवडंल का रे?"

"पोरांसाठी नाहीच. मोठ्यांसाठी आहे. डार्क आहे."

"डार्क म्हणजे?"

"म्हणजे... त्यात कुणी हसत नाही."

"मग मला कशाला बोलावतोस, मयताला?"

अजीज टेम्पोखालून ओरडला, "घेऊन जा त्याला! मला जरा शांतता मिळंल!"

३

स्टुडिओ एका नव्या इमारतीच्या तळघरात. वर लोक गाड्या लावतात, खाली आम्ही ओरडतो. बोलायची खोली एवढीशी. भिंतींना काळा स्पंज, दार बर्फाच्या कारखान्यासारखं जाड. ते लागलं की हायवेचा घोंघाट संपतो, पंख्याची घरघर संपते, आणि थोड्या वेळानं आपलंच रक्त कानात वाहताना ऐकू येतं. समोर काच. काचेपलीकडं दानिश, आणि त्याच्या शेजारी विजयश्री. ही दिग्दर्शन करणारी पोरगी, चिंचवडची, माझ्या पोरीच्या, रुपालीच्या वयाची. विनोद सांगितला तर "नाइस" म्हणायची, हसायची नाही. मी पहिल्याच दिवशी तिला सांगितलं, "मॅडम, तुमची नक्कल फार सोपी. गप्प बसलं की झाली."

"नाइस," ती म्हणाली.

पडद्यावर नवी वज्रतुकडी बघितली. आभाळ राखेच्या रंगाचं. चार वीर मेलेले. वज्रराज म्हातारा, चिलखताला गंज, गुडघ्यातून वाकलेला. तो एका बंद पडलेल्या कारखान्यात राहतो. तिथं एक दार आहे. दारामागून त्याची बायको हाक मारते. ती जिवंत आहे की नाही, कुणी सांगत नाही. दार कधी उघडत नाही.

"असं का केलंत?" मी विचारलं. "चांगली पाच जणं होती, उड्या मारायची."

"काका, तेव्हा बघणारे आता मोठे झालेत. त्यांच्याही घरात आता बंद दारं आहेत."

शिकलेल्या माणसांनी उत्तर दिलं की आपण काय विचारलं होतं तेच विसरायला होतं.

काळभुंगा मी अजीजच्या आवाजात केला. दानिश काचेवर हात मारत ओरडला, "अब्बाच बसलेत आत!" तीन-चार दिवस मजेत गेले. ओठ बघायचे, ओठांवर आवाज बसवायचा. दानिशनं मला खुबी शिकवली. बाकीची अक्षरं मागंपुढं झाली तर खपतात, पण प, ब आणि म चुकले की चोरी पकडली जाते, कारण ओठ मिटल्याशिवाय ती निघतच नाहीत.

मग एका दुपारी त्या बायकोचा आवाज देणाऱ्या बाई भूमकर चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकल्या. विजयश्री म्हणाली, "तोपर्यंत कुणीतरी ओळ नुसती म्हणून ठेवा, अंदाजाला." ओळ साधी होती. आलात का? दार उघडंच आहे.

मला गंमत सुचली. एवढंच. दानिशला हसवावं, त्या पोरीचे गाल एकदा तरी हलवावेत. मी सुमनच्या आवाजात म्हणालो, "आलात का? दार उघडंच हाय."

काचेपलीकडं कुणी हसलं नाही. दानिशनं मान खाली घातली. याच आवाजानं त्याला लहानपणी कितीदा घरात बोलावून वाटीभर शिरा दिला होता. विजयश्रीनं बटण दाबलं. "काका, परत म्हणा."

मग परत. मग त्या बाईच्या सगळ्याच ओळी. "त्यांना फोन करून सांग, येऊ नका," ती दानिशला म्हणाली.

आमच्यात सोंग उतरवायची रीत आहे. बाप पोलीस होऊन एखाद्याला दारात घाम फोडायचा, पण त्याच दारात टोपी काढून, हात जोडून स्वतःचं नाव-गाव सांगायचा. मग ती माणसं हसायची, सुपातून ज्वारी घालायची. नाव सांगितल्याशिवाय त्यानं कुणाचा उंबरा सोडला नाही. गॅरेजातसुद्धा मी शेवटी उठून पोरांना मुजरा करायचो, "मी हिंदुराव हो, बहुरूप्याचा पोरगा," आणि पोरं टाळ्या पिटायची. इथं सांगणार कुणाला? काचेपलीकडं दोघं आपापल्या फोनमध्ये. मी कानावरचं यंत्र खुंटीला अडकवलं आणि वडापाव खायला वर गेलो.

४

काम संपलं, महिना-दीड महिना गेला. अजीजच्या गॅरेजात चाकणच्या बाजाराला निघालेला कांद्याचा टेम्पो उभा होता. ड्रायव्हरनं क्लचप्लेट जाळून आणलेली. अजीज त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करत होता आणि मी बाकड्यावर बसून कान तृप्त करून घेत होतो.

शिवी आली. मग अजीजचे ओठ हलले.

लिहिताना हे फार मोठं वाटतं. होतं एवढंसं. पापणी लवावी तेवढं अंतर. आवाज पुढं, तोंड मागं. दुसऱ्या कुणाच्या ध्यानात आलं नसतं, पण माझी नजर आता ओठांवरच जायची.

"अजीज, परत दे."

"काय?"

"शिवी."

"परत कशाला? तुझ्यासाठी ताजी देतो की." त्यानं दिली. तीही आधी पोचली.

माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे. म्हटलं, डोळा. ड्रायव्हरकडं बघितलं. त्याचं रडगाणं आणि त्याचे ओठ बरोबर. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला, तोही बरोबर.

"तुझं टायमिंग गेलंय," मी अजीजला म्हणालो.

"इंजनांचं मी लावतो, माझं अल्ला लावंल," असं म्हणून तो हसला. हसणं गॅरेजभर झालं आणि मग त्याचा चेहरा हसला.

मीही हसलो. हसायची इतकी सवय लागलेली, की घाबरल्यावरसुद्धा तोंडाला दुसरं काही सुचत नाही.

५

घरी आलो तर सुमन भाकरी थापत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात टेकलो आणि बघत राहिलो. थाप आणि हात बरोबर. पाण्याचा हात फिरला, तवा चरचरला, वाफ तेव्हाच निघाली. म्हणजे डोळे ठीक, कान ठीक. मी सुस्कारा टाकणार, तेवढ्यात ऐकू आलं, "असं काय बघताय? भाकरी कधी बघितली न्हाई व्हय?"

आणि मग तिचे ओठ तेच बोलले.

मी चष्मा बदलला. उजव्या बाजूनं बघितलं, डाव्या बाजूनं बघितलं. शेवटी तिच्यासमोर पाट घेऊन बसलो.

"पापड म्हण."

"का?"

"म्हण गं."

"पापड," ती म्हणाली. दोन्ही प मला नीट ऐकू आले आणि तिचे ओठ अजून मिटलेसुद्धा नव्हते. "आज भर उन्हात फिरलात वाटतं. डोक्याला तेल लावा."

मी तेल लावलं. रात्री शहाण्यासारखा विचार केला, की कार्टून बघून बघून नजर बिघडली असेल, दोन दिवसांत जागेवर येईल. अजीजमध्येही दिसतं आणि सुमनमध्येही दिसतं, तर दोष बघणाऱ्यात. हिशेब सोपा होता. बाकी कुणातच का दिसत नाही, एवढ्या एका गोष्टीशी तो अडायचा. मग मी कूस बदलायचो.

दोन दिवसांत जागेवर आलं नाही. अंतर वाढलं. एका सकाळी स्वयंपाकघरातून हाक आली, "अहो, चहा निवतोय." मी आत गेलो. ओट्यावर दोन कप, वाफ निघत होती. सुमन नव्हती. खिडकीतून बघितलं तर ती मागच्या नळावर, हंडा भरत, माझ्याकडं पाठ करून. हंडा भरला, तिनं तो बाजूला घेतला, पदरानं हात पुसले, वळली, मला खिडकीत बघितलं आणि ओठ हलवले. अहो. चहा. निवतोय.

आवाज आला नाही. तो येऊन गेला होता.

६

अजीज तोवर गप्प झाला होता. गॅरेजात नुसता पान्यांचा आवाज. पोरांना हातवारे करून सांगायचा. चाकणच्या डॉक्टरनं बॅटरी मारून घसा बघितला, काही नाही म्हणाला, धुळीत काम करू नका म्हणाला. या पट्ट्यात धूळ सोडून जायचं कुठं, ते त्यानं लिहून दिलं नाही.

मी रावेतला गेलो. "पुसून टाक," दानिशला म्हणालो. "त्या बायकोचा आवाज पुसून टाक. तुझ्या अब्बाचापण. त्या बाईंना बोलव, मी त्यांच्या पाया पडतो."

"चाचा, ते कधीच पुढं गेलं. मुंबईला गेलं, तिथून लागलंसुद्धा. लोक वेडे झालेत."

"तुझे अब्बा बोलत नाहीत, दानिश."

"वय झालं चाचा. तसेही माझ्याशी कधी बोलायचे?" तो कसनुसा हसला. "मी त्यांना इथं दिवसभर ऐकतो, मला काही फरक पडला नाही."

विजयश्री मागून आली. पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर हसू बघितलं. "काका, बायकोच्या तोंडी तुम्ही ज्या ओळी स्वतःहून जोडल्यात ना, त्याच लोकांना सगळ्यात जास्त लागल्यात."

"मी काही जोडलं नाही."

तिला विनोद वाटला. तिनं दानिशला लावायला सांगितलं. पडद्यावर ते दार, आणि दारामागून सुमन. आलात का? दार उघडंच हाय. ही माझी ओळ होती. मग जरा थांबून, बाम कुठं ठेवलाय? गुडघा लई धरलाय आज. मग कुणाला तरी विचारल्यासारखं, का? आणि नाइलाजानं, एखाद्या खुळ्याची समजूत काढावी तसं, पापड.

"हे 'पापड' कुठून सुचलं तुम्हाला?" विजयश्री म्हणाली. "माझ्या अंगावर काटा येतो."

ती फाईल त्यांनी कधी बंद केली, ते मी विचारलं. दानिशनं सांगितलं. मी सुमनला पाटावर बसून पापड म्हणायला लावलं, त्याच्या कितीतरी आधी.

मी हट्टानं त्या काळ्या खोलीत गेलो. दार लागलं. कानावर यंत्र चढवलं आणि माइकपुढं हात जोडले. काचेपलीकडं दोघं माझ्याकडं बघत होती. मी बापासारखं, खणखणीत सांगितलं, "मी हिंदुराव. बहुरूप्याचा पोरगा. गाव परभणीकडचं. सोंग होतं, सोंग झालं. आता ज्याचं त्याला द्या."

कानात थोडा वेळ नुसतं रक्त. मग अगदी जवळून सुमन बोलली. दाराला साखळी लावून अनोळखी माणसाशी बोलते, त्या आवाजात.

"कोण पाहिजे?"

मी यंत्र फेकलं. बाहेर येऊन दानिशला विचारलं, काय ऐकलंस? तो म्हणाला, तुम्ही बोललात, पुढं काहीच नाही. त्याच्या पडद्यावर माझ्या आवाजाचे डोंगर दिसत होते. त्यांच्यापुढं सरळ रेघ.

७

गुरुवार होता. गुरुवारी आमच्याकडं कंपन्यांना सुट्टी आणि लाईटलाही. प्रेस बंद, कॉम्प्रेसर बंद, सगळा पट्टा गप्प. भर दुपारची वेळ. सुमन पुढच्या खोलीत जमिनीवर बसून मेथी निवडत होती, मी शेजारी काड्या वेगळ्या करत होतो. मी तिला काही सांगितलं नव्हतं. कसं सांगणार? तिनं नुसतं माझ्या तोंडाकडं बघितलं असतं, तरी मी मेलो असतो.

आतल्या खोलीचं दार लावलेलं होतं. त्या दारामागून तिचा आवाज आला.

"आलात का? दार उघडंच हाय."

सुमनचे ओठ मिटलेले होते. मी वाट बघितली. ते हलले नाहीत. मेथीची जुडी तिच्या हातातून खाली आली आणि तिनं दाराकडं बघितलं, म्हणजे तिलाही ऐकू आलं होतं. आपलाच आवाज दुसऱ्या खोलीतून ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा कसा होतो, ते कुणाला विचारू नका. मी जन्मभर नकला केल्या, तो चेहरा मला करता येणार नाही.

ती उठली. मी तिचा हात धरला, तिनं सोडवला. दार ढकललं. ते चार बोटं उघडलं.

त्या खोलीला रस्त्याच्या बाजूनं खिडकी आहे. दुपारी तिथं डोळे दिपवणारं ऊन येतं. फटीत काळं होतं. नुसता अंधार नाही, स्टुडिओतल्या भिंतीसारखं दाट काळं, आवाज गिळणारं. रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि त्याची घरघर त्या फटीपाशी येऊन मेली. त्या काळ्यात कुणीतरी उभं होतं. मला खांदा दिसला, हिरव्या पदराचा काठ दिसला, आणि तोंडाच्या उंचीवर काहीतरी हलताना. भराभर, न थांबता, गेल्या कित्येक दिवसांचं बोलायचं राहिल्यासारखं.

सुमननं तोंड उघडलं. तिनं काहीतरी विचारलं, गळ्याच्या शिरा ताणून विचारलं. काहीच आलं नाही. आतून हसू आलं. सुमनचंच, ज्याला भुलून मी तिच्याशी लग्न केलं ते हसू. आणि दार आतून ओढून घेतलं गेलं.

मी धडक दिली तेव्हा ते सहज उघडलं. आत खाट, कपाट, ऊन.

८

त्या दिवसापासून घरात आवाज नाही. स्वयंपाकघरातून नाही, दारामागून नाही. टीव्ही मी कपड्यात गुंडाळून माळ्यावर टाकला. सुमनला तीन डॉक्टरांना दाखवलं. सगळे म्हणाले "आ करा", तिनं "आ" केलं, सगळे म्हणाले ठीक आहे.

ती बोलते. पहिल्यासारखीच बोलते, भाकरी थापताना, हंडा उचलताना, मला दारात अडवताना. ओठ भराभर हलतात, भुवया चढतात, हात कमरेवर जातो. मला टोमणा बसलेला असतो, पण कुठला ते कळत नाही. मी ओठ बसवायला शिकलो, वाचायला नाही. प, ब, म तेवढे दिसतात. त्यावरून मी रात्री पडल्या पडल्या वाक्यं जुळवत बसतो. कधी शिवी जुळते, कधी भलतंच काहीतरी जुळतं आणि मी उठून पाणी पितो.

फाट्यावर जातो अजून. हॉर्न वाजवत नाही. पोरं मला बघून एकमेकांना कोपर मारतात, वाट बघतात, मी नुसता उभा राहतो. परवा एकजण म्हणाला, "काय काका, बॅटरी उतरली का?" अजीज गॅरेजाच्या दारात बसलेला असतो. आम्ही दोघं एका बाकड्यावर बसून चहा पितो. दानिश दुसऱ्या भागाच्या कामात आहे. काळभुंग्याला या खेपेला जास्त ओळी आहेत म्हणे. त्यासाठी मला त्यानं बोलावलं नाही, आणि का नाही, ते मी विचारलं नाही.

रुपाली, आमची पोरगी, नांदेडला दिलेली. तिला काही माहीत नाही. दर रविवारी ती व्हिडिओवर फोन करते. सुमन खुर्चीत बसते, फोन डब्याला टेकवून ठेवते. मी दाराच्या पडद्याआड उभा राहतो, तिथून सुमनचं तोंड दिसतं आणि फोनला मी दिसत नाही. ओठ हलायला लागले की मी तिच्या आवाजात बोलतो. पाऊस झाला का, जावयाची बदली कुठं अडली, भाजीला काय केलंस. ओठ मिटले की थांबतो. रुपालीला एकदाही शंका आली नाही. या कामात मी चांगला आहे.

सुमन मला हे का करू देते, माहीत नाही. पहिल्या खेपेला तिनं वळून पडद्याकडं बघितलं होतं. तेवढंच. पोरीला घोर नको म्हणून असेल.

या रविवारी रुपाली रडवेली होती. म्हणाली, "आई, तू बारीक झालीयस गं. मला तिकडचं काही बरं दिसत नाही. बाबा तुला नीट बघतात का? तू ये इकडं, कायमची ये. मी उद्या गाडी घेऊन येते. येतेस का, सांग."

सुमननं फोनकडं बघितलं नाही. तिनं मान वळवून पडद्याकडं, माझ्याकडं बघितलं, आणि बोलायला लागली. सावकाश, एकेक शब्द सुटा करून, मला कळावं म्हणून. मी बघत होतो. एक म दिसला. मग कितीतरी वेळ काही नाही. मग एक प.

"आई? ऐकतेयस ना?"

सगळं घर माझी वाट बघत होतं. मी तोंड उघडलं, आवाज आला. हुबेहूब आला.

"न्हाई गं बाई," मी म्हणालो. "माझं इथंच बरंय. ह्यांना कोण बघणार?"

रुपालीनं डोळे पुसले आणि हसली. "मला वाटलंच होतं, तू हेच म्हणणार."

फोन बंद झाला. सुमनचे ओठ अजून हलत होते.